पडला, पण काय पडला!

प्रत्येक हेवीवेट बॉक्सर कधी ना कधी निवृत्त होतो. टायसन फ्युरी तर अधूनमधून होतच असतो. निवृत्त होत नाही तो त्यांच्यावरून चालणारा वाद. इंग्लंडात हा वाद पबमध्ये साधारण तिसऱ्या ग्लासाला उभा राहतो. पहिला ग्लास पावसावर जातो, दुसरा सरकारवर. तिसऱ्याला कोपऱ्यातले एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ जाहीर करतात की हेन्री कूपर आज तरुण असता, तर त्याने त्या अँथनी जोशुआला सहा फेऱ्यांत झोपवलं असतं. शेजारी बसलेला नातू मोबाइलवरून नजर न उचलता विचारतो, "कूपरचं वजन किती होतं हो आजोबा?" तिथून पुढे घरी पोचेपर्यंत दोघांत अबोला.

नातवाचा प्रश्न खवचट आहे, पण बिनतोड आहे. गावसकर मोठा की तेंडुलकर, या आपल्या सनातन वादात निदान चेंडू तरी दोघांना एकाच वजनाचा मिळाला होता. इथे माणसांचीच वजनं जुळत नाहीत. 1963 साली कूपर आयुष्यातल्या सर्वांत गाजलेल्या लढतीला उतरला तेव्हा तो सुमारे 84 किलोंचा होता. 2021 मध्ये डिऑन्टे वाइल्डरशी तिसऱ्यांदा लढलेला फ्युरी चांगला सव्वाशे किलोंचा. म्हणजे फ्युरीतून कूपर वजा केला, तरी खाली सातवी-आठवीतला एक पोरगा उरतो. आज 200 पौंडांच्या, म्हणजे जवळपास 91 किलोंच्या पुढे हेवीवेट सुरू होतो. कूपर आज असता तर कुठल्याही शहाण्या मॅनेजरने त्याला खालच्या क्रूझरवेट गटात धाडलं असतं. कूपरच्या काळात हा गट जन्मालाच आलेला नव्हता, त्यामुळे बिचाऱ्याला हेवीवेट होण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बरं, हा वाद यंत्राकडून सोडवून घ्यायचाही प्रयत्न होऊन गेला आहे. 1967 मध्ये मायामीच्या मरे वोरोनर नावाच्या निर्मात्याने जुन्यानव्या हेवीवेट विजेत्यांची सगळी कुंडली एका कॉम्प्युटरला भरवली आणि त्यांच्या काल्पनिक लढती रेडिओवरून ऐकवल्या. कॉम्प्युटरने मुहम्मद अलीला पहिल्या महायुद्धाच्याही आधीच्या जिम जेफ्रीजकडून हरवलं. अलीने कोर्टात दावा ठोकला. कॉम्प्युटरवर भडकलेल्या आद्य पुरुषांत त्याचा नंबर बराच वर लागावा. पुढे 1969 मध्ये अली आणि निवृत्त झालेला, डोक्यावर केसांचा टोप चढवलेला रॉकी मार्सियानो या दोघांना खरोखरच स्टुडिओत आणून त्यांच्या लुटुपुटूच्या फेऱ्या चित्रित केल्या. शेवट अनेक काढून ठेवले. अमेरिकेतल्या थिएटरांत मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला लोळवलं. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मार्सियानोचा चेहरा रक्तबंबाळ होऊन अली जिंकला. अटलांटिक ओलांडता ओलांडता कॉम्प्युटरला उपरती झाली असणार.

तेव्हा कोण कोणाला हरवेल हा नाद सोडा. निदान ब्रिटिश हेवीवेटच्या बाबतीत तरी सोडा, कारण त्यांच्या देशानेच तो फार पूर्वी सोडला. 1899 मध्ये बॉब फिट्झसिमन्सने जगज्जेतेपद घालवलं; त्यानंतर ब्रिटनमध्ये जन्मलेल्या माणसाकडे ते आलं 1992 च्या डिसेंबरात. मध्ये त्र्याण्णव वर्षं. दोन महायुद्धं झाली, साम्राज्य गेलं, माणूस चंद्रावर जाऊन आला. ब्रिटिश हेवीवेट आपला पाठीवर. एवढ्या काळात कुठल्याही समंजस राष्ट्राने जे केलं असतं तेच यांनी केलं: जिंकण्याची मोजपट्टी ठेवून दिली आणि पडण्याची काढली. कोण कसा पडला, कोणापुढे पडला, पडताना चेहरा कसा होता आणि उठल्यावर काय म्हणाला. या मोजपट्टीला काळाचं आणि वजनाचं बंधन नाही, म्हणून माझा तिच्यावर भरवसा.

फिट्झसिमन्स मात्र या मापात बसत नाही, कारण तो जिंकायचा. कॉर्नवॉलमधल्या हेल्स्टनचा जन्म, लहानपणीच न्यूझीलंडला गेला, तिथे लोहारकाम केलं. वर घण मारणाऱ्या लोहाराचे खांदे आणि खाली काटकुळे पाय. दोन वेगळ्या माणसांचे अर्धे भाग घाईत जोडल्यासारखा हा प्राणी 75-76 किलोंचा असताना जगातला सर्वांत बलाढ्य माणूस ठरला. 1896 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत टॉम शार्कीला त्याने लोळवलं, तर पंचाने ठोसा कमरेखाली होता म्हणून लढत शार्कीला देऊन टाकली. हा पंच म्हणजे पिस्तूलबाजीसाठी प्रसिद्ध असलेला वायट अर्प. अशा पंचाशी हुज्जत कोण घालणार? पुढच्याच वर्षी, 17 मार्च 1897 ला, नेव्हाडातल्या कार्सन सिटीत चौदाव्या फेरीत त्याने जेंटलमन जिम कॉर्बेटच्या पोटाच्या वरच्या खळग्यात असा ठोसा दिला की कॉर्बेट शुद्धीवर असूनही त्याला श्वास घेता येईना. या लढतीचं चित्रण शंभर मिनिटांहून लांब होतं, आणि पूर्ण लांबीचा पहिला चित्रपट म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

आता एवढं केल्यावर या गृहस्थाचं नाव ब्रिटिश पबात घरोघरच्या देवासारखं घ्यायला हवं होतं. पण "तो तसा न्यूझीलंडचाच ना?" असं म्हणून लोक पुढच्या ग्लासाकडे वळतात. ही एक खास ब्रिटिश सवय आहे. हेवीवेट हरला की तो आपला. जिंकला की त्याचा पासपोर्ट तपासायला घेतात.

खरी परंपरा सुरू होते बॉम्बार्डियर बिली वेल्सपासून. हा तोफखान्यातला शिपाई. रावळपिंडीच्या छावणीत असताना बॉक्सिंगमध्ये नाव काढलं. सव्वासहा फूट उंच, देखणा, डावा हात सुरेख. 1911 मध्ये मानाचा लॉन्सडेल पट्टा मिळवणारा पहिला हेवीवेट. उणीव एवढीच, की पोटावर ठोसा बसला की तो मिटायचा. 1913 मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज कार्पेंटिए या एकोणीस वर्षांच्या, अंगाने बराच लहान पोराने त्याला आधी बेल्जियमच्या घेंटमध्ये चौथ्या फेरीत झोपवलं. हा अपघात असणार म्हणून डिसेंबरात लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबात पुन्हा गाठ घातली. या क्लबात फेरी चालू असताना प्रेक्षकांनी चकार शब्द काढायचा नाही असा नियम होता. वेल्सने प्रेक्षकांना फार काळ ताटकळत ठेवलं नाही. 73 सेकंदांत सगळ्यांना बोलायची मुभा मिळाली.

तरीही वेल्स लोकांचा लाडका राहिला, आणि नियतीने त्याच्यासाठी एक चोख काम शोधून ठेवलं होतं. जे. आर्थर रँकच्या चित्रपटांच्या सुरुवातीला एक उघडाबंब पिळदार पुरुष भल्यामोठ्या घंटेवर टोला हाणताना दिसायचा. ते काम करणाऱ्यांपैकी एक हा वेल्स. घंटा होईपर्यंत तग धरायची धडपड ज्याने जन्मभर केली, त्याच्याच हातात शेवटी घंटेचा टोला आला. आणि ती घंटाही खोटी! आवाज दुसऱ्याच कुणीतरी वाजवून भरलेला.

वेल्स निदान न बोलता पडायचा. 1920 च्या दशकातल्या फिल स्कॉटने पडण्यात तक्रारीची भर घातली. पोटावर बसला की तो खाली बसून ठोसा बेकायदा होता असं पंचाला सांगायचा, आणि कधीकधी ते मान्यही व्हायचं. 1930 मध्ये मायामीला जॅक शार्कीसमोर त्याने हेच केलं, तेव्हा मात्र कुणी ऐकलं नाही. अमेरिकन पत्रकारांनी त्याचं नाव 'मूर्च्छित फिल' ठेवलं आणि सगळ्या जमातीचं 'आडवे हेवीवेट'. स्कॉटला ब्रिटिशांनी मनापासून माफ केलं नाही. पडण्याला हरकत नाही, पण पडल्यावर अर्ज करायचा नाही, हा नियम तेव्हापासून पक्का झाला.

या नियमाचा आदर्श म्हणून डॉन कॉकेलकडे बोट दाखवतात. 1955 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉकी मार्सियानोने या गोलमटोल माणसाला डोक्याने हाणलं, घंटा झाल्यावर हाणलं, खाली असताना हाणलं; नवव्या फेरीत पंचाने लढत थांबवेपर्यंत कॉकेल आपला उभा, आणि तोंडातून तक्रारीचा शब्द नाही. ते काम ब्रिटिश वर्तमानपत्रांनी पुढे कित्येक दिवस केलं. त्याआधी 1937 मध्ये टॉनीपँडीच्या कोळशाच्या खाणीतून आलेला टॉमी फार न्यूयॉर्कला जो लुईससमोर पंधराच्या पंधरा फेऱ्या टिकला आणि गुणांवर हरला. दक्षिण वेल्समध्ये लोक मध्यरात्री उठून रेडिओला कान लावून बसले होते, आणि काहींच्या मते तो आजही जिंकलेलाच आहे.

आणि मग हेन्री कूपर. इथे जरा बसू या.

दक्षिण लंडनचा, जुळ्यातला एक, धंद्याने गिलावा करणारा. ओल्ड केंट रोडवरच्या थॉमस अ बेकेट पबच्या माडीवर सराव करायचा. म्हणजे खाली वाद आणि वर वादाचा विषय, अशी सोय होती. डावा हूक असा की लोकांनी त्याला 'एन्रीचा 'ॲमर', म्हणजे हेन्रीचा हातोडा म्हणायला सुरुवात केली. अस्सल लंडनकर 'ह' गिळतो, त्यामुळे हातोडाही अर्धाच उच्चारला जायचा. हात पोलादाचा, पण भुवया कागदाच्या. वाऱ्याने पान उलटावं तशी त्याची भुवई फाटायची.

18 जून 1963, वेम्बली स्टेडियम. समोर एकवीस वर्षांचा कॅशियस क्ले, म्हणजेच पुढचा मुहम्मद अली, डोक्यावर मुकुट घालून आलेला, पाचव्या फेरीत संपवतो म्हणून भविष्य वर्तवलेला. चौथ्या फेरीच्या अगदी शेवटी कूपरचा डावा हूक क्लेच्या जबड्यावर बसला आणि क्ले दोरखंडांवरून घसरत खाली. उठला, तोवर घंटा झाली. त्या विश्रांतीत क्लेचा प्रशिक्षक अँजेलो डंडीने पंचाला एक फाटका ग्लव्ह दाखवला. दुसरा ग्लव्ह आणायचा की नाही यात वेळ गेला, आणि तेवढ्यात क्ले भानावर आला. पाचव्या फेरीत कूपरची भुवई उघडली आणि लढत थांबवावी लागली. क्लेचं भविष्य तंतोतंत खरं.

आता तो वेळ किती गेला? चित्रण पाहिलं तर जादा गेले ते काही सेकंदच. पण माझं निरीक्षण असं की हा अवधी दर दहा वर्षांनी वाढतो. 1970 च्या सुमारास तो एक मिनिट होता, 1980 ला दोन, आणि हल्लीच्या पबांत ऐकाल तर ग्लव्ह आणायला कुणीतरी टॅक्सी करून गेलं होतं. कूपर ती लढत हरला हे सगळ्यांना माहीत आहे. पण हे सांगायला कुणी पुढे येत नाही. 1966 मध्ये आर्सेनलच्या हायबरी मैदानावर दोघांची पुन्हा लढत झाली, पुन्हा भुवई फुटली, पुन्हा कूपर हरला. लोकप्रियता आणखी वाढली.

1971 मध्ये त्याचा ब्रिटिश किताब गेला तो जो बग्नर नावाच्या, लहानपणी हंगेरीतून निर्वासित होऊन आलेल्या एकवीस वर्षांच्या तरुणाकडे. त्या काळी अशा लढतींचे गुण एकटा पंचच द्यायचा. पंच हॅरी गिब्जने शेवटी बग्नरचा हात वर केला, फरक पाव गुणाचा. हा पाव गुण ब्रिटनने बग्नरकडून जन्मभर व्याजासकट वसूल केला. तो अलीशी दोनदा पूर्ण अंतर लढला, फ्रेझरशी लढला, तरी लोकांना तो आठवतो म्हाताऱ्या कूपरला हरवणारा म्हणून. शेवटी तो ऑस्ट्रेलियात जाऊन राहिला. मला तर वाटतं, पाव गुणाबद्दल कुठल्याही देशात एवढी हद्दपारीची शिक्षा नसेल. कूपरने मात्र त्याच रात्री ग्लव्ह उतरवले आणि ब्रूट अत्तराच्या जाहिरातीत भरघोस शिंपडाशिंपडी करत टीव्हीवर आला. पुढे लॉइड्सच्या विमाबाजारात पैसे बुडाले, 1993 मध्ये तिन्ही लॉन्सडेल पट्टे विकावे लागले. तिथेही तो तक्रार न करता पडला.

कूपरची गादी फ्रँक ब्रुनोने चालवली. मोठा आवाज, त्याहून मोठं हसू, बीबीसीच्या हॅरी कार्पेंटरशी टीव्हीवर चालणारी खास जुगलबंदी, नाताळात पँटोमाइममध्ये काम. 1989 मध्ये माइक टायसनला पहिल्याच फेरीत त्याने एक हूक असा दिला की टायसन डगमगला. निष्पक्ष कार्पेंटर साहेब कॉमेंट्री विसरून ओरडायला लागले. पाचव्या फेरीत ब्रुनो संपला, पण ती एक झुळूक देशाला सहा वर्षं पुरली. 1995 मध्ये त्याने वेम्बलीवर ऑलिव्हर मकॉलला हरवून खरोखरच जगज्जेतेपद मिळवलं. लोक आनंदले, पण जरा बावरलेही. हा आपला माणूस, हा असं का करतोय? सहा महिन्यांत टायसनने ते परत घेतलं आणि सगळं सुरळीत झालं. पुढे 2003 मध्ये ब्रुनो मानसिक आजाराने रुग्णालयात दाखल झाला, तेव्हा एका मोठ्या वर्तमानपत्राने त्यावर टवाळीचा मथळा छापला. वाचक इतके खवळले की नंतरच्या आवृत्त्यांत मथळा बदलावा लागला. प्रेम मोजायचं तर हे माप चालेल.

या सगळ्यांत अडचणीचा माणूस एकच: लेनॉक्स लुईस. जन्म लंडनच्या वेस्ट हॅममधला, बाराव्या वर्षी कॅनडात गेला, 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडासाठी सुवर्णपदक घेतलं, मग परत येऊन ब्रिटिश व्यावसायिक झाला. 1992 मध्ये तेव्हाचा जगज्जेता रिडिक बोवने त्याच्याशी लढायचं टाळून आपला डब्ल्यूबीसीचा पट्टा लंडनमध्ये पत्रकारांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि ते पद लुईसकडे आलं. त्र्याण्णव वर्षांची प्रतीक्षा संपली ती अशी, कचरापेटीतून. पुढच्या ऑक्टोबरात कार्डिफला लुईस विरुद्ध ब्रुनो झाली, आणि ब्रिटिश प्रेक्षक ब्रिटिश जगज्जेत्याविरुद्ध ओरडले. लुईस जिंकला. फिट्झसिमन्सचा जुना पासपोर्ट पुन्हा काढला गेला: उच्चार कॅनडाचा, फावल्या वेळात बुद्धिबळ खेळतो, लढताना समोरच्याला लांब ठेवून हिशेब करतो. हा कसला हेवीवेट? हा तर ऑडिटर!

मकॉलकडून 1994 मध्ये आणि हसीम रहमानकडून 2001 मध्ये, असा तो दोनदा हरला. दोघांनाही पुन्हा गाठून त्याने हिशेब चुकता केला. 1999 मध्ये होलीफिल्डला हरवून निर्विवाद विजेता झाला, 2002 मध्ये मेम्फिसला टायसनला झोपवलं, 2003 मध्ये व्हिताली क्लिच्कोला जखमांवर हरवलं, आणि 2004 मध्ये पट्टा कमरेला असतानाच निवृत्त झाला. आणि परत आला नाही! ब्रिटिश हेवीवेटमध्ये इतकी असभ्य वागणूक कुणी केली नव्हती.

त्याच्यानंतरच्यांवर फार वेळ घालवायला नको. डेव्हिड हेयने 2009 मध्ये सात फुटी निकोलाय वालुएव्हला हरवलं हे खरं, पण 2011 मध्ये हॅम्बुर्गला व्लादिमिर क्लिच्कोकडून हरल्यावर त्याने पत्रकार परिषदेत टेबलावर चढून पायाची मोडलेली करंगळी दाखवली. नाचता येईना, करंगळी वाकडी! वरून फिल स्कॉटने आशीर्वाद दिला असेल. जोशुआने 2017 मध्ये 90,000 लोकांसमोर त्याच क्लिच्कोला अकराव्या फेरीत पाडलं ते अप्रतिम होतं. पण 2022 मध्ये युक्रेनच्या उसिकविरुद्ध दुसऱ्यांदा हरल्यावर उसिकचे पट्टे उचलून रिंगबाहेर टाकले आणि मायक्रोफोन घेऊन लांबलचक भाषण केलं. कॉकेलच्या शाळेत हे नापास.

फ्युरीचं कोडं जरा वेगळं. 2009 च्या एका लढतीत तो अपरकट मारायला गेला आणि त्याने तो स्वतःच्याच तोंडावर मारून घेतला, तेव्हाच त्याच्यात ब्रिटिश हेवीवेटची लक्षणं दिसली होती. 2015 मध्ये बॅटमनचा पोशाख घालून पत्रकारांना भेटला, मग ड्युसेलडॉर्फला क्लिच्कोला हरवलं, आणि त्याच्या बेताल बडबडीमुळे लाखाहून अधिक लोकांनी त्याला बीबीसीच्या क्रीडापुरस्काराच्या यादीतून काढा म्हणून सह्या केल्या. नंतर नैराश्य, व्यसन, दीडशे किलोंच्या पुढे गेलेलं वजन. तिथून परतून 2018 मध्ये लॉस एंजेलिसला बाराव्या फेरीत वाइल्डरने त्याला असा पाडला की समालोचकांनी श्रद्धांजलीची तयारी केली. तो दहा मोजून व्हायच्या आत उठून उभा राहिला आणि लढत बरोबरीत सोडवली. सगळ्या पडण्यांत हे पडणं मी पहिलं मानतो. त्या रात्री तो देशाचा झाला.

आणि गंमत बघा: वेगवेगळ्या काळातल्यांच्या लढती आपण मनातल्या मनात सहज लावतो, पण फ्युरी आणि जोशुआ हे एकाच काळातले, एकाच बेटावरचे दोघे 2021 मध्ये समोरासमोर येणार असं ठरलं, तेव्हा लवादाने वाइल्डरचा तिसऱ्या लढतीचा हक्क आधी म्हणून निकाल दिला आणि सगळं फिसकटलं.

तरी कुणी तिसऱ्या ग्लासाला माझी कॉलर धरून विचारलंच, की सांग, सगळ्यांत श्रेष्ठ कोण, तर मी लुईसचं नाव घेईन. त्यात वादाला जागा नाही. त्याला 2002 मध्ये राणीने सीबीई दिला. जो एकदाही जगज्जेता झाला नाही, अलीकडून दोनदा हरला आणि पाव गुणावर निवृत्त झाला, त्या कूपरला 2000 मध्येच 'सर' केलं होतं.